तारेवरचा भोपळा

भोपळा मी लावला नव्हता, हे आधी सांगून टाकतो. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, 'कोकऱ्यांचा भोपळा' असंच म्हणतील. टेलिफोन कचेरीतून आलेल्या नोटिशीवरही वेलीचे मालक म्हणून माझंच नाव आहे. पण ते बी माझ्या हातून पडलेलं नाही. मी लावलं होतं ते सगळं मेलं.

मी बारामतीत मोजणी खात्यात नक्कल कारकून आहे. लोकांच्या जमिनींच्या नकाशांच्या नकला काढून देणं हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांचे बांध ट्रेसिंग पेपरवर ओढायचे, कुणाच्या विहिरीला गोल करायचा, कुणाच्या ओढ्याला निळी शाई लावायची. सोळा वर्षं हे केल्यावर माणसाला वाटतं, आपलाही एखादा बांध असावा. माझ्या वहिवाटीत जमीन म्हणाल तर घरमालक आबासाहेबांच्या घरामागचं शहाबादी फरशीचं अंगण, तेही भाड्याच्या दोन खोल्यांबरोबर मिळालेलं. आबासाहेब ते अकरा बाय नऊ सांगतात. मी ऑफिसची टेप आणून मोजलं, दहा फूट आठ इंच भरलं. त्यातून मोरी, पाण्याचं पिंप आणि माझ्या बायकोचं, योगिनीचं, तुळशीवृंदावन वजा जाता जे उरलं त्याचा मी एक छोटा नकाशा काढला, त्यावर 'टोमॅटो', 'वांगी', 'मेथी' असे विभाग पाडले आणि रॉकेलचे जुने डबे, फुटक्या बादल्या नि चहाचं एक लाकडी खोकं आणून त्या त्या जागी मांडलं.

"ह्यात मेथीची एक जुडी तरी होईल का?" योगिनीनं विचारलं.

"तू नकाशा बघ," मी म्हणालो.

ती इंदापूरची. तिथल्या मुली फार बोलत नाहीत, बघतात फक्त.

आमच्या गल्लीतली निम्मी माणसं उसातून शहरात आलेली आणि उरलेली निम्मी माझ्यासारखी, ज्यांचे आजोबा मेंढरांमागं फिरले. त्यामुळे शेतीतलं कळत नाही असं म्हणणारा एकही माणूस गल्लीत नव्हता. टोमॅटोची पानं मुरडली त्या दिवशी समोरच्या कुशाबाई दुधाची किटली घेऊन आल्या आणि दूध मापायच्या आधी म्हणाल्या, "ताक घाला. आंबट ताक." कुशाबाईंच्या दोन म्हशी आहेत, त्यांचा शब्द मोडवेना. ताक घातलं. संध्याकाळी सोनबा तात्या आले. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते आणि रिटायर झाले तरी प्रत्येक वस्तूकडे काट्यावर चढवल्यासारखं बघतात. त्यांनी राख सांगितली. घरमालक आबासाहेब म्हणाले, "पाणी तोडा चार दिस. झाडाला जरा भ्या वाटाय पायजे." ऑफिसातल्या शिपायानं तंबाखूचं पाणी सांगितलं. एकाचं ऐकून दुसऱ्याचं टाळलं तर गल्लीत राहणं कठीण, म्हणून मी सगळं केलं. टोमॅटो आठवड्यात गेले. रोगानं गेले असं मला वाटत नाही. उपचारानं गेले. वांग्याला तर मी फार जपत होतो. दिवसातून तीनदा पान उलटून बघायचो. बहुधा त्यालाच त्याचा कंटाळा आला. मेथी चिमण्यांनी नेली.

आषाढात माझी आई ठमाबाई शेळगावहून चष्म्याचा नंबर काढायला आली. अंगणात उभी राहून तिनं डब्यांच्या त्या रांगेकडे पाहिलं.

"जोत्या, ह्यांस्नी काय झालंया? सुतक हाय व्हय?"

दुसऱ्या दिवशी तिनं डांगराची भाजी केली. भोपळ्याला आमच्याकडे डांगरच म्हणतात. भाजी झाल्यावर तिनं बिया निवडल्या, मोरीशेजारी फुटलेल्या फरशीच्या भोकात एक बी अंगठ्यानं दाबलं आणि हात धुतले. बस. ना नकाशा, ना ताक. गल्लीत कुणाला पत्ता नव्हता, म्हणून सल्ला मिळाला नाही, आणि म्हणूनच ते उगवलं असं माझं ठाम मत आहे.

नुसतं उगवलं असतं तर मी आज हे सांगत बसलो नसतो. मोरीचं पाणी पिऊन त्या वेलीनं महिन्याभरात पन्हाळीचा पाइप धरला, पाइपावरून गच्ची गाठली, गच्ची ओलांडून घराच्या पुढच्या बाजूला कठड्यावर आली आणि तिथून खाली गल्लीत डोकावू लागली. भोपळ्याच्या वेलीला हिरव्या तारांसारखे हात असतात. मिळेल ते धरायचं नि त्याला वेटोळं घालायचं, एवढंच त्यांना कळतं. कठड्यापासून गल्लीपलीकडच्या खांबापर्यंत एक काळी तार गेली होती. वेलीनं ती धरली.

ती आबासाहेबांच्या टेलिफोनची तार होती.

इथं आबासाहेबांचं थोडं सांगायला हवं. पिंपळीला त्यांचा बागायती ऊस आहे, तो थोरला मुलगा बघतो. बायको गेल्यापासून आबासाहेब मात्र बारामतीतल्या या घरी एकटेच राहतात, आणि त्याचं कारण टेलिफोन. नंबर लावल्यावर सात वर्षांनी तो मिळाला होता. त्यांची मुलगी प्रतिक्षा कराडला दिली आहे. ती दर रविवारी फोन करते, आणि तो फोन घ्यायला ते या घरात राहतात. फोनवर तिनं विणलेला जाळीचा रुमाल असतो. गल्लीतल्या सगळ्यांनी नातेवाइकांना हाच नंबर दिलेला. निरोप आला की आबासाहेब दारात येऊन हाक मारायचे. त्या भाद्रपदात प्रतिक्षाचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी झालं, दुसरं सासरी. म्हणजे बातमी फोनवरच येणार होती.

आणि आता त्या तारेला माझ्या वेलीनं, म्हणजे माझ्या आईच्या वेलीनं, मिठी मारली होती.

मी घाबरत घाबरत त्यांना सांगायला गेलो. ते दाराबाहेर त्यांच्या लोखंडी खुर्चीत पेपर वाचत होते. त्यांनी वर पाहिलं. तारेच्या मधोमध एक पिवळं फूल होतं आणि फुलामागे लिंबाएवढा भोपळा.

"आरं वा!" ते म्हणाले. "माझ्या वायरीला फळ धरलं की!"

पुढचे पंधरा दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वर बघायला लावायचे. लिंबाचा नारळ झाला, नारळाची कळशी झाली. तार झोल पडून खाली आली. आणि एका सकाळी मी डबा घेऊन बाहेर पडताना माझ्या लक्षात आलं, की हा भोपळा बरोब्बर आबासाहेबांच्या खुर्चीवर लटकतोय. बरोब्बर म्हणजे किती, तर मी बांबूच्या टोकाला ओळंब्यासारखा दोरीनं दगड बांधून गच्चीवरून भोपळ्याच्या रेषेत सोडून पाहिला. दगड पेपरच्या पहिल्या पानावर टेकला.

"काय वो?" आबासाहेब म्हणाले.

"खुर्ची जरा अलीकडे घेता का?"

"का?"

"वर भोपळा आहे."

"हाय की. ही खुर्ची पंधरा वर्षं हितंच हाय, भाऊसाहेब. डांगर काल आलंय. कुणी सरकायचं?"

मोजणी खात्यात सोळा वर्षं काढल्यामुळे वहिवाटीचा हा मुद्दा मला खोडता येईना.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. ऑफिसात दुसऱ्यांच्या विहिरी गोल काढताना मला भोपळे दिसायचे. सोनबा तात्यांनी खालून डोळा बारीक करून "सात किलो दोनशे" असा अंदाज दिला, आणि चार दिवसांनी काही न विचारता "आठ सहाशे." आठ किलो सहाशे ग्रॅम पंधरा फुटांवरून सत्तरीच्या माणसाच्या डोक्यावर पडलं तर काय होतं, याचं गणित मी एका नकलेच्या मागच्या बाजूला केलं आणि नंतर तो कागद फाडला, कारण पोलिसांच्या हाती लागला असता तर पूर्वनियोजित वाटला असता.

तुम्ही म्हणाल, मग कापून का टाकला नाही? दोन कारणं. एक, भोपळ्याच्या वर हातभर अंतरावर लाइटच्या तारा होत्या. शिडी लावावी तर लावायची कशाला, आणि कापावा तर पडणार खालीच. दुसरं कारण आई. भोपळा धरल्याचं कळताच ती शेळगावहून परत आली. येताना तिनं काखेत घोंगडी आणली होती, म्हणजे मुक्काम लांबणार हे ठरलं.

"पहिलं फळ बिरोबाचं," तिनं जाहीर केलं. "देठ वाळंस्तवर हात लावायचा न्हाय."

"आई, ते आबासाहेबांच्या डोक्यावर पडेल."

"देवाचं फळ असं कुणाच्या बी डोस्क्यावर पडत न्हाय."

कुशाबाईंनी त्यावर तोड काढली. झोळी बांधा म्हणाल्या. लेकराला झोळी बांधतात तशी. योगिनीनं बऱ्याच विनवण्यांनंतर लग्नातली एक जुनी साडी काढून दिली. साडीच्या दोन्ही टोकांना दोर बांधले. एक दोर आमच्या गच्चीच्या कठड्याला, दुसरा गल्लीपलीकडे कुशाबाईंच्या सज्जाच्या गजाला. भोपळा साडीत बसला. मोरपिशी साडी, जरीचा काठ, त्यात मध्यावर आरामात पहुडलेला भोपळा. खालून जाणारी बाया-माणसं नमस्कारच करायची बाकी होती. मला मात्र एक रात्र बरी झोप लागली.

तरी पूर्ण खात्री म्हणून मी टेलिफोन कचेरीत गेलो. काउंटरवरच्या साहेबांनी छापील फॉर्म पुढे केला. तक्रारीचा प्रकार: आवाज येत नाही, रॉंग नंबर लागतो, तार तुटली.

"यातलं काहीच नाही," मी म्हणालो. "तारेला भोपळा लागलाय."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "फोन चालू आहे?"

"चालू आहे."

"मग तक्रार काय?"

"तो पडेल."

"फोन?"

"भोपळा."

"भोपळा आमच्याकडे येत नाही. ग्राहकाची सही आणा, बघू."

ही वाक्यं मला फार ओळखीची वाटली. हाच स्वर, हीच मान. 'धारकाची सही आणा, बघू' हे मी स्वतः रोज किती लोकांना सांगतो ते आठवून मला काउंटरच्या या बाजूला उभं राहायची लाज वाटली. मी सहीसाठी आबासाहेबांकडे गेलो. ते सही करायला तयार होईनात.

"तक्रार आपली न्हाय. उगं खात्याला आठवण कशाला द्यायची? सात वर्षांनी आलाया फोन. काढून न्हेला म्हंजे?"

शेवटी मी माझ्याच नावानं साधा अर्ज लिहिला. लिहिता लिहिता प्रामाणिकपणा नडला. 'सदर वेल माझ्या वहिवाटीतील अंगणातून उगवलेली असून' असं मी नमूद केलं. पाचव्या दिवशी उत्तर आलं. त्यात माझ्या अर्जाचा संदर्भ होता, आणि मी खात्याच्या तारेवर वेलीद्वारे अतिक्रमण केल्याचं माझ्याच कबुलीवरून सिद्ध होत असल्यानं सदर भोपळा सात दिवसांत काढून घ्यावा असा आदेश होता. खाली टीप होती: खात्याच्या तारेस कोणीही हात लावू नये.

अतिक्रमण! बारामती आणि इंदापूर दोन्ही तालुक्यांतल्या लोकांची अतिक्रमणं मी लाल शाईनं दाखवतो. मी नोटीस योगिनीला दाखवली. तिनं दोनदा वाचली.

"काढायचा, पण हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मग फुंकर मारा."

नोटिशीच्या चौथ्या दिवशी पहाटेपासून परतीचा पाऊस कोसळला. सकाळी बाहेर आलो तर साडीची पखाल झालेली. दोन घागरी पाणी तरी साठलं असावं. मधोमध भोपळा तरंगत होता आणि टेलिफोनची तार वाकून धनुष्यासारखी झाली होती. आबासाहेब खाली खुर्चीत, डोक्यावर छत्री, हातात पेपर. मी गच्चीवर धावलो. विचार करायला वेळ नव्हता. कठड्याचा दोर सोडला, हाताला गुंडाळला आणि झोळी कलती करायला जोरात हिसडा दिला. साडी वेलीत अडकलेली होती. वेल, तार, साडी सगळं एकदम हललं आणि पाणी पलीकडच्या बाजूला धबधब्यासारखं गेलं. पलीकडे कुशाबाई किटली घेऊन उभ्या होत्या.

"आता दुधात पानी कुनी घातलं ते गल्लीनं बघितलंया," त्या भिजल्या अंगानं म्हणाल्या. "उद्याच्याला मला बोलायचं न्हाय!"

भोपळा जागेवर राहिला. आबासाहेब सुखरूप. मी स्वतःवर खूश होऊन ऑफिसला निघणार, तेवढ्यात आबासाहेबांनी आतून हाक मारली. त्यांच्या हातात रिसीव्हर होता.

"भाऊसाहेब, जरा कान लावा. मला म्हातारपणानं ऐकू येत न्हाय का ह्यो मेलाय?"

मी कान लावला. फोनमध्ये घुंई नव्हती, खरखर नव्हती. कापूस कोंबल्यासारखी शांतता होती.

त्या दिवशी शनिवार होता. मी ऑफिसातून तीनदा सार्वजनिक फोनवर जाऊन आबासाहेबांचा नंबर लावला. तीनदा नुसतीच रिंग गेल्यासारखी वाटली. घरी आलो तर खुर्ची बाहेर नव्हती. ती त्यांनी आत फोनशेजारी घेतली होती. जाळीचा रुमाल घडी करून गुडघ्यावर ठेवलेला. दर थोड्या वेळानं ते रिसीव्हर उचलायचे, कानाला लावायचे, ठेवायचे. पंधरा वर्षांत न हललेली खुर्ची हलली, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही.

"कालच तारीख व्हती तिची," ते म्हणाले. एवढंच. मला एक शब्द बोलले नाहीत. घरमालकानं दोन शिव्या दिल्या असत्या तर जेवण तरी गेलं असतं.

रविवारी सकाळी मी सोनबा तात्यांची लूना मागून घेतली आणि काटेवाडीला लाइनमन दत्तोबाच्या घरी गेलो. दत्तोबा अंगणात गाईला धूत होता. सुट्टी आहे, उद्या ऑफिसात कळवा, असं तो म्हणाला आणि बरोबरच होतं. मी नोटीस दाखवली, साडीचं सांगितलं, आबासाहेबांच्या गुडघ्यावरच्या रुमालाचं सांगताना माझा आवाज जरा चमत्कारिक झाला असावा, कारण दत्तोबानं बादली खाली ठेवली.

"पोरीचं बाळंतपन हाय म्हणता?"

"हो."

"मग त्ये आधी सांगायचं की. भोपळ्याचं काय सांगत बसलाया!" त्यानं सदरा घातला, पक्कड घेतली आणि लूनावर माझ्यामागे बसला.

निम्मी गल्ली जमली होती. आमच्याकडे रविवारी तसंही कुणाला काही नसतं. दत्तोबा गच्चीवर गेला, कठड्यावर पोटावर झोपून वेलीची पानं बाजूला केली आणि हसू लागला.

"आवं, ही तार आधीच तुटल्याली हाय! जोड गंजून कवाच सुटलाय. तुमच्या येलीनं दोनी टोकं आवळून धरली व्हती म्हनून फोन चालत व्हता. आता कुनीतरी हिसडा दिलाया. इसकाटलं सगळं."

सगळ्यांनी वर पाहिलं, मग एकमेकांकडे. मी गच्चीच्या दारात उभा होतो. दीड महिना मी त्या वेलीच्या नावानं बोटं मोडत होतो. ती बिचारी फोन सांभाळत होती. तोडला होता तो मी, वाचवता वाचवता. खाली आबासाहेब मान वर करून उभे होते. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं.

"आबासाहेब," मी कठड्यावरून म्हणालो, "हिसडा मी दिला. काल सकाळी."

"ठाव हाय," आबासाहेब म्हणाले. "मी खालीच बसलो व्हतो न्हवं."

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू? तुमी माझं डोस्कं वाचवत व्हता."

दत्तोबानं पुढं बोलायला वेळ दिला नाही. जोड घालतो, पण हे ओझं उतरवल्याशिवाय तो टिकायचा नाही, असं त्यानं वरूनच सांगितलं. म्हणजे भोपळा कापायचा. सगळ्यांच्या माना आईकडे वळल्या. तिनं आधी देठाकडे पाहिलं. देठ हिरवा होता. मग तिनं आबासाहेबांकडे पाहिलं.

"काप," ती म्हणाली. "बिरोबाला काय सांगायचं त्ये माझी मी सांगते."

ती आत जाऊन घोंगडी घेऊन आली. भोपळा झेलायला घोंगडीच हवी. मेंढरं ओढ्यातून काढली होती तिच्यातून, म्हणाली. चार कोपरे चौघांनी धरले: आबासाहेब, कुशाबाई, आई आणि गच्चीवरून उतरलेला मी. योगिनीनं साडीचा दोर सोडून साडी आधी काढून घेतली. तिचा काठ वेलीच्या चिकानं हिरवा झाला होता, त्यावर ती नंतर बोलणार होती. दत्तोबानं जोड पिळला, पट्टी गुंडाळली आणि मग बांबूला विळा बांधलेली आकडी हळूहळू भोपळ्याच्या देठाकडे सरकवली.

"ताणून धरा!" तो ओरडला. "एक... दोन..."

आणि फोन वाजला.

मी त्या घरात सहा वर्षं राहतोय, पण फोन एवढ्या मोठ्यानं वाजलेला ऐकला नव्हता. आबासाहेबांनी कोपरा सोडला आणि तिशीतल्या माणसासारखे आत धावले. दत्तोबाच्या हाताला मात्र 'तीन'ची सवय होती. देठ कटला. भोपळा घोंगडीवर आला, सुटलेल्या कोपऱ्यातून घरंगळला, माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर उतरला आणि तिथून फरशीवर जाऊन चार फाकांत फुटला. आत केशरी गर, आणि काय तो रंग! मी एका पायावर उड्या मारत होतो, पण कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे दाराकडे बघत होते. आतून आवाज येत नव्हता.

आबासाहेब बाहेर आले. तोंडावर काही नव्हतं. ते पायरीवर बसले, रुमाल दोन्ही हातांत धरून. गेले दीड महिने जे जे वाईट होऊ शकतं ते मी विचार करून ठेवलं होतं, पण हे नव्हतं ठेवलं.

"काय झालं?" आईनं विचारलं.

"पोरगी झाली," ते म्हणाले. "कालच्याला. काल धरनं फोन लावाय लागल्यात. दोगी खुशाल हायत." मग रुमालानंच डोळे पुसले. "फोन तिच्या तोंडाला लावला पावन्यांनी. रडून दाखवलं तिनं मला. लई दम हाय आवाजात."

कुशाबाईंनी आपल्याच हातावर आपलाच हात मारला. दत्तोबा गच्चीवरून ओरडला, "ऐकू आलं नीट? खरखर न्हाय ना?" आबासाहेब एकदम उठले. आता पेढे, जिलबी, काहीतरी आणायला हवं. पण कोपऱ्यावरचं दुकान रविवारी दुपारी बंद. त्यांचा जीव थांबायला तयार नव्हता. नजर फरशीवर गेली.

"हेच वाटा की! ठमाबाई, चालंल न्हवं? देवाचं हाय म्हनून इचारतो."

"देवाचं म्हंजे वाटायचंच असतंय," आई म्हणाली आणि विळी आणायला गेली.

वाटायचं काम माझ्याकडे आलं. मीच वेलीचा अधिकृत मालक, तशी नोटीसही होती. आबासाहेबांना पुन्हा कराडचा फोन यायचा होता, ते हलणार नव्हते. मी ताटात फोडी घेतल्या आणि जे जमले नव्हते त्यांच्या घरी लंगडत निघालो. अंगठा ठणकत होता, त्यामुळे मी थोडक्यात बोलत होतो.

"भोपळा? हा कशाबद्दल?" पहिल्या घरी विचारलं.

"मुलगी झाली."

"अय्या! कधी?"

"काल."

"दोघी बऱ्या?"

"बऱ्या आहेत."

आणि पुढच्या घरी. चौथ्या घरी सोनबा तात्या दारात आले. त्यांनी फोड हातावर तोलली, माझ्या लंगडण्याकडे बघितलं, आवाज खाली घेतला. "ह्या वयात, कोकरे? धाडस हाय तुमचं. न्हाय, चांगलं हाय!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चव्वेचाळीस वर्षांचा. आमचा युवराज पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मी तात्यांना खुलासा केला. मग तिसऱ्या घरी परत गेलो, तर तिथली माणसं बातमी घेऊन बाहेर पडलेली. दुसऱ्या घरी खुलासा केला, त्यांना तो विनय वाटला. सोमवारी ऑफिसात गेलो तर टेबलावर फुलांचा गुच्छ, आणि आमचे साहेब, जे एरवी माझ्या गुड मॉर्निंगला उत्तर देत नाहीत, स्वतः उठून आले. "कोकरे, मुलगी म्हणजे लक्ष्मी. लोक काय म्हणतात तिकडे लक्ष देऊ नका." मी सांगायला तोंड उघडलं, पण मागे बारा माणसं पेढ्यांची वाट बघत उभी होती. मी शिपायाला पेढे आणायला पाठवलं. दुसरं काय करणार होतो?

संध्याकाळी घरी आलो तर योगिनी स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. तिच्यासमोर स्टीलचा डबा होता. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई आल्या होत्या," योगिनी शांतपणे म्हणाली. "चार दिवस अंगावर ऊन पाणी घ्या म्हणाल्या. वाऱ्यात बसू नका म्हणाल्या. आणि डिंकाचे लाडू दिले बाळंतिणीला."

मी उभाच राहिलो. अंगठा काळानिळा झाला होता, दीड महिन्यात वजन तीन किलोंनी उतरलं होतं, आणि आता हे.

योगिनीनं डबा उघडला. तुपाचा वास आला. तिनं त्यातला सगळ्यांत मोठा लाडू काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

"घ्या, खा," ती म्हणाली. "कळा तुम्हीच सोसल्यात."